आत्याचा भुंगा आणि लाल रेघा

क्लबातले सगळे तिला आत्या म्हणतात. सेक्रेटरीही म्हणतात, आणि सेक्रेटरींचं वय असं आहे की उलट तिनेच त्यांना काका म्हटलं तरी खपून जावं. खरं म्हणजे ती एकाच पोरीची आत्या. ती पोरगी क्लबात पिस्तूल चालवते. आत्या शस्त्रखोलीत कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी पोरीने मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला "आत्याऽऽ" अशी हाळी दिली, आणि तेव्हापासून बाईंचं जे काही कागदोपत्री नाव होतं ते कागदोपत्रीच राहिलं.

शस्त्रखोली म्हणजे क्लबाच्या मागच्या अंगाची लांबट खोली. जाड लोखंडी दार, गजांची खिडकी, भिंतीला टेकलेली दोन लोखंडी कपाटं आणि मधोमध जस्ताचा पत्रा ठोकलेलं टेबल. आत शिरलं की तेलाचा, चिंध्यांचा आणि जळक्या दारूचा वास यायचा. बंदुकीच्या दारूचा, दुसरीला तिथे सक्त मनाई. या खोलीचा धनी आत्याचा मोठा भाऊ. क्लब त्याला उस्ताद म्हणायचा, आत्या दादा म्हणायची, पोरगी बाबा म्हणायची आणि वहिनी, म्हणजे त्याची बायको, काहीच म्हणायची नाही. नुसती बघायची. तेवढं पुरायचं.

दादाने जन्मभर क्लबाची पिस्तुलं हाताने साफ केली. ब्रश, चिंधी, तेल, आणि वर शिव्या. क्लबाच्या पिस्तुलांना जी छोटी काडतुसं लागतात ती फार मळकट जात. मेण, शिसं आणि काजळी यांचं मिळून एक असं काळं खरकटं होतं की ते खाचेत बसलं की भाडेकरूसारखं बसतं, निघायचं नाव घेत नाही. दादा ते काढायचा. नळीला डोळा लावला की आतून आरशासारखी चमक आली पाहिजे, नाहीतर त्याला जेवण जायचं नाही.

पण गेल्या वर्षीच्या सामन्यात क्लबाची दोन पिस्तुलं भर नेमबाजीत अडली. पाहुण्या संघाचा कोच सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काय हो, तुमच्या पिस्तुलांना बद्धकोष्ठ झालाय का?" लोक हसले. दादाने काडतुसांवर ढकललं. पुढे पिस्तुलं सरावातही अडू लागली, तेव्हाही काडतुसांवरच ढकललं. शेवटी सेक्रेटरींनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "उस्ताद, मी समितीला कसंबसं थोपवलंय. या सामन्यात पिस्तुलाच्या दोषाने एक जरी बार चुकला, तर सफाईचं काम बाहेरच्या कंपनीकडे जाणार. खोलीची किल्ली द्यावी लागेल."

घरी दादाने हे कोणाला सांगितलं नाही. पोरीने सांगितलं. आणि पिस्तुलं का अडतात ते कोणालाच कळेना, एकट्या आत्याला सोडून.

झालं होतं असं, की दादा अचानक टी-शर्ट घालू लागला होता. जन्मभर कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस, आणि आता छातीवर वाघाचं तोंड. वहिनी म्हणाली, "या वयात यांना अंकुर फुटलेत." पोरगी म्हणाली, "बाबा, मस्त दिसता." आत्या मात्र त्याच्या बोटांकडे बघत होती. बोटांचे सांधे सुजून सुपारीएवढे झाले होते. माणूस फॅशनला लागला नव्हता. त्याला शर्टाची बटणं लागत नव्हती. आणि ज्याला बटण लागत नाही, तो नळीतलं शिसं काय खरवडणार?

आत्याला हे दिसलं, कारण तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या दिसण्या-न दिसण्यात गेलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात होती. लग्न केलं नाही, कोणी विचारलं तर म्हणायची, "नंबर जुळला नाही." मोहरीएवढ्या स्क्रूंवर तिने तारुण्य घालवलं, आणि त्यात तिला काही कमी पडल्यासारखं कधी वाटलं नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला एक स्टीलची लांबट टाकी होती. डझनभर चष्मे एका वेळी बसायचे. पाणी भरायचं, द्राव घालायचा, बटण दाबायचं. मग ती टाकी दबक्या आवाजात गुणगुणायची, म्हणून तिचं नाव भुंगा. घाम, पावडर, क्रीम, नाकावरचा हिरवा थर, सगळं मिनिटाभरात बाहेर. गिऱ्हाईक चष्मा घालून म्हणायचं, "अगंबाई, तुमची भिंत पिवळी आहे होय!"

मालक गेले, मुलांनी तिथे मोबाइलचं दुकान काढलं. निरोपाला आत्याला भिंतीवरचं घड्याळ देऊ लागले. आत्या म्हणाली, "वेळ मला कळते. भुंगा द्या."

तोच भुंगा काखेत मारून ती एका सकाळी शस्त्रखोलीच्या दारात उभी राहिली. सेक्रेटरींना आधीच गाठून तिने मदतनीस म्हणून आपली रीतसर नोंद करून घेतली होती. दादाला मात्र सांगितलं नव्हतं. दादाला आधी सांगितलं तर तो आधी नाही म्हणतो; नंतर सांगितलं तर नंतर नाही म्हणतो, पण तोवर काम झालेलं असतं.

"हे काय?" दादाने विचारलं.

"भुंगा."

"काय करतो?"

"चष्मे धुतो."

"इथे चष्मा कोण घालतं?"

"तू. आणि कधी धूत नाहीस. आण इकडे."

चष्मा धुऊन झाला. दादाने तो घातला आणि आपल्याच खोलीकडे असं पाहिलं, जणू भाड्याने घ्यायची आहे. पण कबूल कसं करणार? तो म्हणाला, "काच वेगळी, पिस्तूल वेगळं."

"तुला ऐकू येत नाही असा बारीक आवाज असतो याचा," आत्या म्हणाली. "त्याने पाण्यात लाखो बुडबुडे होतात आणि फुटतात. फुटताना मळ उचकटतात. ब्रशचा केस जात नाही तिथेही बुडबुडा जातो."

"बुडबुड्यांनी शिसं निघतं? मग मी जन्मभर काय झक मारली?"

आत्याने वाद घातला नाही. खिशातून पातळ चंदेरी कागद काढला, टाकीत धरला, बटण दाबलं. थोड्या वेळाने बाहेर काढून उजेडात धरला. कागदाला बारीक बारीक भोकं पडली होती.

"अरे बाप रे," दादा म्हणाला. "आणि माझ्या पिस्तुलाची अशी चाळणी झाली तर?"

"पिस्तूल कागदाचं असेल तर होईल."

तेव्हा कुठे दादाने कपाट उघडलं. गेल्या वर्षी अडलेल्यांपैकीच एक पिस्तूल त्याने टेबलावर ठेवलं. पण हात लावू देण्याआधी त्याने आत्याला जे शिकवलं, ते ती आजही प्रत्येक नवख्याला तसंच्या तसं शिकवते. गोळ्यांचं मॅगझीन बाहेर. वरची सरकती स्लाइड मागे. आत बघायचं. मग करंगळी घालून चाचपायचं. आत्याने केलं.

"पुन्हा बघ," दादा म्हणाला.

"आत्ताच बघितलं ना. रिकामं आहे."

"मघाशी रिकामं होतं. आत्ताचं बोल."

पुढे पिस्तूल उघडायची वेळ आली. एक खटका दाबून पिन ओढायची असते. दादाने अंगठा लावला, ओठ मिटले, पिन हलली नाही. आत्याने खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाली, "सगळं तूच करणार का? मला शिकू दे की." दादाने पिस्तूल तिच्याकडे सरकवलं, आणि असं सरकवलं जणू उपकार करतोय. आत्याने उपकार घेतले. तिच्या बोटांना पिन लगेच वश झाली.

लाकडी मुठी काढून बाजूला, कारण लाकूड पाणी पितं. नळी, स्लाइड, स्प्रिंग जाळीच्या टोपलीत. तळाला टेकू द्यायचं नाही. अॅल्युमिनियमचा सांगाडा वेगळा, सौम्य द्रावात, नाहीतर काळा पडतो. एका पिस्तुलाचे भाग बाहेर येऊन परत त्याच्याच डब्यात जाईपर्यंत दुसऱ्याला हात नाही. भुंगा गुणगुणायला लागला, आणि बघता बघता स्लाइडच्या खाचांतून काळ्या धुराच्या वळ्या पाण्यात उतरू लागल्या. पाणी शाईसारखं झालं. दादा वाकून बघत होता. ज्या भाडेकरूला आपण हाकलून लावलं असं तो जन्मभर समजत होता, तो माळ्यावर लपून बसला होता, असं त्याचं तोंड झालं.

आत्याने सगळं बाहेर काढलं, टॉवेलवर मांडलं आणि विजयाच्या आनंदात चहा करायला गेली. चहा घेऊन येते तो दादा दारात उभा.

"हे बघ."

स्लाइडवर तांबूस झाक चढली होती. बोट फिरवलं की बोटाला यायची.

"अय्या, एवढ्यात गंज?"

"चष्मा धुऊन ठेवला तर ठेवला. लोखंडाचं तसं नसतं. तुझ्या भुंग्याने मळाबरोबर अंगचं तेलही काढलं, छिद्रातलंसुद्धा. उघडं पडलंय ते. त्याला आधी पांघरूण घाल, मग चहा पी."

चहा गार झाला. आत्याने गंज पुसला, भाचीचं केस वाळवायचं यंत्र मागवून घेतलं, आणि त्या दिवसापासून खोलीत नियम झाला: गरम पाण्यात खळबळायचं, वाऱ्याने वाळवायचं, लगेच तेल. 'धुतलं' हा एक शब्द आणि 'झालं' हा दुसरा. तेल लागल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही. एकदा सेक्रेटरी चुकून म्हणाले तर भावाबहिणीने दोन्हीकडून त्यांच्याकडे असं पाहिलं की ते बाहेर जाऊन उभे राहिले.

काळं पाणीही मोरीत नाही. शिसं असतं त्यात. हातमोजे घालून ते वेगळ्या पिंपात, आणि पिंप भरलं की न्यायला माणूस येतो. हेही आत्याचंच. दादा पूर्वी चिंध्या कुठे टाकायचा ते विचारलं की विषय बदलतो.

असं सगळं सुरळीत चाललं असताना घोटाळा झाला. तोही अशा गोष्टीवरून, की दुसऱ्या कोणाच्या हातून तो झालाच नसता.

सामना आठवड्यावर आला होता. वहिनीला एव्हाना टी-शर्टाचं गुपित कळलं होतं आणि तिने दादाला बोटं दाखवायला डॉक्टरांकडे ओढत नेलं होतं. इकडे सेक्रेटरी वर्तमानपत्र घेऊन शस्त्रखोलीत पहाऱ्याला बसले आणि आत्याने ठरवलं, आज क्लबाची सगळी, बाराच्या बारा पिस्तुलं धुऊन, तेल लावून तयार ठेवायची. दादा आला की थक्क झाला पाहिजे.

दादा थक्क झाला, त्यात वाद नाही.

काम करताना आत्याच्या लक्षात आलं, प्रत्येक पिस्तुलाच्या मागच्या खाचेशी दोन छोटे स्क्रू आहेत, आणि प्रत्येक स्क्रूवर लाल डाग आहे. तिने भिंग लावून पाहिलं. नेलपॉलिश. आत्याला हसू आलं. चष्म्याच्या दुकानात हे तिने हजारदा पाहिलं होतं. फ्रेमचा स्क्रू सैल झाला की बायका घरच्या घरी त्यावर नेलपॉलिश चोपडतात आणि मग दुकानात येऊन विचारतात, स्क्रू फिरत का नाही? तिथला रिवाज ठरलेला: आधी पॉलिश काढा, मग स्क्रू आवळा. 'कोणा पोरीचे उद्योग दिसतात,' ती म्हणाली. आज घाईत तिने द्राव नेहमीपेक्षा जास्त गरम ठेवला होता, त्यात अर्धे डाग सुटले होतेच. उरलेले तिने लाकडी काडीने अलगद खरवडले. मग सवयीने एकेक स्क्रू तपासला. सैल वाटला तो आवळला. फार घट्ट वाटला तो जरा सोडला. बारा पिस्तुलं ओळीने लखलखत होती. सेक्रेटरी म्हणाले, "वा!"

दादा आला. पहिलं पिस्तूल रिकामं असल्याचं त्याने दोनदा पाहिलं, नळीला डोळा लावला, आणि त्याच्या तोंडून चक्क "छान" असं निघालं. आत्याने तो शब्द लहानपणापासून त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. मग त्याने पिस्तूल वळवून मागची खाच पाहिली. दुसरं उचललं. तिसरं.

"रेघ कुठाय?"

"कसली रेघ?"

"लाल."

"ती नेलपॉलिश? काढली की. सगळ्यांची काढली. स्क्रूही नीट केले."

दादा खुर्चीत बसला नाही, खुर्चीत पडला.

पिस्तुलाचा नेम त्या स्क्रूंवर बसवलेला असतो. स्क्रू खटक्याखटक्याने फिरतो, तशी नेम धरायची मागची खाच सरकते; एका स्क्रूने गोळी डावी-उजवी जाते, दुसऱ्याने वर-खाली. क्लबाची पिस्तुलं दहा जणांच्या हातात जातात. नेम चुकला की कोणी स्वतःला दोष देत नाही, स्क्रू पिळतो. म्हणून दादाने एकेक पिस्तूल चालवून त्याचा खरा नेम बसवला होता आणि दोन्ही स्क्रूंवरून खाचेच्या अंगावर अशी लाल रेघ ओढली होती. कोणी कितीही पिळू दे, रेघेला रेघ जुळवली की पिस्तूल पुन्हा घरी आलं. ते सगळं घर आत्याने धुऊन, वाळवून, तेल लावून ठेवलं होतं.

आत्याचं तोंड उतरलं. तिने सबब सांगितली नाही. "चूक माझी," एवढंच म्हणाली. "पुन्हा बसवू."

"कोण बसवणार?"

"तू."

दादाने हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. तेव्हा सेक्रेटरींनाही कळलं. ते वर्तमानपत्राची घडी घालू लागले. घातलेली घडी मोडून पुन्हा घालू लागले.

एवढ्यात दारातून वहिनीचा आवाज आला. डॉक्टरांच्या गोळ्या दादाच्या खिशात राहू नयेत म्हणून ती मागोमाग आली होती. "कसली नेलपॉलिश?"

आत्याने लाकडी काडी चिंधीखाली सरकवली.

"मी विचारतेय कसली नेलपॉलिश? ती कोपऱ्यावरची बांगड्या-पावडरवाली इतकी वर्षं मला बघून हसते. म्हणते, तुमचे मिस्टर फार हौशी हो, लाल रंगच नेतात. मी आजवर एक बाटली पाहिली नाही."

"पिस्तुलांना लावायचो," दादा म्हणाला.

"पिस्तुलांना!" वहिनी दाराला टेकली. "अहो, मला वाटायचं कोणी एखादी असेल. इथे तर बारा निघाल्या!"

आत्याला हसू आवरेना. मग वहिनीला. सेक्रेटरी वर्तमानपत्रामागे गेले. दादा तेवढा गंभीर होता, पण त्याचीही मिशी हलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मैदानावर कोणी यायच्या आत, चौघं जमली. पोरगी पिस्तूल चालवणार, आत्या दुर्बिणीतून लक्ष्य बघणार, दादा खटके सांगणार. चौथे सेक्रेटरी, मैदान उघडायला आणि जमल्यास गप्प बसायला. पोरीने पाच बार काढले. आत्याने सांगितलं, "सगळे एका जागी आहेत, पण उजवीकडे, जरा खाली."

दादाने स्क्रूड्रायव्हर घेतला. तो बारीक, चष्म्याचाच होता. टोक स्क्रूच्या खाचेत बसलं, निसटलं. पुन्हा बसवलं. स्क्रूड्रायव्हर हातातून सुटून सिमेंटवर पडला. पोरगी वाकणार तोच आत्याने तिला डोळ्याने थांबवलं. दादाने स्वतः उचलला. थोडा वेळ हातात धरून ठेवला. मग दांड्याकडची बाजू आत्यापुढे केली.

"तू फिरव."

"किती?"

"तीन खटके डावीकडे. एक वर. खटका बोटाला कळला पाहिजे, कानाला नव्हे."

आत्याने फिरवलं. जन्मभर मोहरीएवढे स्क्रू फिरवलेली ती बोटं. त्यांना खटका असा कळायचा जसं आपल्याला जिना संपल्याचं कळतं. पोरीने पुन्हा पाच काढले. मध्यावर.

"बाबा, बसला!"

"तुझ्या डोळ्याला बसला. क्लबात एकटी तू आहेस का? सेक्रेटरी, या."

सेक्रेटरींनी पाच बार काढले. आत्याने दुर्बीण फिरवली, पुन्हा फिरवली. "दादा, चार सापडले."

"पाचवा?"

"तो समितीकडे गेला असेल," पोरगी म्हणाली.

असं एकेक पिस्तूल चाललं. एका पिस्तुलाचा स्क्रू आत्यानेच इतका पिळला होता की हलेना. तिने त्याच्यावर तेलाचा थेंब ठेवला, वाट पाहिली, बोटाने दांड्यावर टिचकी मारली, पुन्हा वाट पाहिली. जबरदस्ती अशी केलीच नाही. शेवटी तो आपल्या पायांनी आल्यासारखा सुटला. दादा बाकावर बसून बघत होता. आपण सांगायचं आणि तिने करायचं, यात मध्ये काही सांडत नाही, हे त्याला सकाळभरात समजलं असावं, कारण दुपारकडे तो खटके सांगायचाही थांबला. नुसतं "हं" म्हणायचा आणि आत्या बरोबर तेवढंच फिरवायची.

रेघा ओढायला वहिनी आली. तिचा हात बारीक कामाला सराईत. बाटली तिने स्वतः जाऊन आणली होती, आणि त्या पावडरवालीला नवरा कसा हौशी आहे ते सविस्तर सांगूनही आली होती. पण रंग गुलाबी.

"लाल नव्हता?" दादाने विचारलं.

"होता. मला हा आवडतो."

गुलाबी तर गुलाबी. त्या दिवसापासून भुंग्यातही एक बदल झाला: स्लाइड तारेला टांगून सोडायची, खाचेचा भाग पाण्याच्या वर. आत्या त्याला गळ्यापर्यंतची अंघोळ म्हणते. वरचं तोंड ती हाताने पुसते.

सामन्याच्या दिवशी दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. बटणं वहिनीने लावली. पाहुणा संघ आला. तोच कोच, तेच हसू. पहिली फेरी झाली. एकही पिस्तूल अडलं नाही. दुसरी झाली. आत्या शस्त्रखोलीच्या दारात उभी होती. प्रत्येक बाराला तिच्या हातातल्या चिंधीची एक घडी वाढत होती. तिसऱ्या फेरीत मधल्या रांगेतून पोरीचा हात वर गेला.

बार झाला नव्हता.

सेक्रेटरींनी दादाकडे पाहिलं. त्या पाहण्यात किल्ली होती. पोरीने नियमाप्रमाणे नळी लक्ष्याकडेच ठेवून थोडं थांबून स्लाइड मागे ओढली. काडतूस सहज उडून बाहेर पडलं. पंचांनी ते उचललं आणि गर्दीतून दादा पुढे आला.

गेल्या वर्षी हाच माणूस 'काडतूस खराब' म्हणून ओरडला होता आणि ते खोटं होतं. या वेळी तो ओरडला नाही. म्हणाला, "माझं कोणी ऐकू नका. कोच साहेबांना दाखवा."

पाहुण्या कोचने काडतूस उजेडात धरलं. कडेवर बार उडवणाऱ्या पिनेचा ठसा उमटला होता, खोल आणि स्वच्छ. त्याने पिस्तूल मागून घेतलं, रिकामं असल्याचं पाहिलं, आत डोकावला. बराच वेळ डोकावला.

"पिस्तुलाने आपलं काम केलंय," तो म्हणाला. "काडतूस फुसकं. पोरीला नवीन द्या." मग नळीकडे पुन्हा बघत, जरा हळू, "हे धुतं कोण?"

पोरीला नवीन काडतूस मिळालं. बार झाला, मध्यावर बसला. संध्याकाळपर्यंत एकही पिस्तूल अडलं नाही. क्लब हरला, पण नेमबाजांची जबाबदारी कोणी शस्त्रखोलीवर टाकत नाही.

सामना संपल्यावर सेक्रेटरी समितीच्या दोघांना घेऊन खोलीत आले. आत्याने पाणी तापत ठेवलं होतं, पिस्तुलं ओळीने डब्यांत होती. सेक्रेटरी खुशीत होते. "उस्ताद, बाहेरच्या कंपनीचा विषय संपला. खोली तुमच्याकडेच."

सगळ्यांना वाटलं दादा मान हलवेल. तो म्हणाला, "माझ्याकडे नको."

"म्हणजे?"

"माझी बोटं गेली. गेल्या वर्षीच गेली होती. मीच लपवलं." सुजलेले दोन्ही हात त्याने समितीपुढे धरले, पोरं कैऱ्या चोरल्यावर मास्तरांपुढे धरतात तसे. "पिस्तुलं हिने चालती ठेवली. रेघाही हिनेच घालवल्या आणि हिनेच परत बसवल्या. किल्ली हिच्याकडे द्या. मला राहू द्यायचं असेल तर मी तेल लावायला बसेन. तेल लावायला दोन बोटं पुरतात."

आत्याने टोपली उचलली, पहिली स्लाइड तारेला अडकवली आणि भुंग्याचं बटण दाबलं. गुणगुण सुरू झाली. सेक्रेटरींनी दादाकडून किल्ली घेऊन टेबलावर ठेवली, जस्ताच्या पत्र्यावर ती खण्णकन वाजली.

"बस मग," ती दादाला म्हणाली. "पण लडबडून ठेवू नकोस. थेंब म्हणजे थेंब."

"मला शिकवतेस?"

"हो."

दादा बसला. दारात कोणीतरी खाकरलं. पाहुणा कोच आपल्या संघाच्या पिस्तुलांची पेटी दोन्ही हातांत धरून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू या वेळी जरा वेगळ्या जातीचं होतं.

"उस्ताद, आमचीही एकदा धुऊन मिळतील का?"

दादाने तेलाच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडलं.

"तिला विचारा," तो म्हणाला.